बिनपावतीचे बियाणे

मे महिना संपत आला की विदर्भातल्या कापूसपट्ट्यात बियाण्यांचे दोन बाजार सुरू होतात. पहिला कृषी सेवा केंद्रांचा. तिथल्या पाकिटावर कंपनीचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि केंद्र सरकारने ठरवून दिलेली किंमत छापलेली असते आणि घेणाऱ्याला पावती मिळते. दुसरा बाजार ओळखीपाळखीतून आणि फोनवरून चालतो. तिथले पाकीट कुठल्याच नोंदणीत नसते, पावती मागायची सोय नसते आणि दर विकणाऱ्याच्या मर्जीवर असतो. या बियाण्याला शेतकरी ‘चोरबीटी’ म्हणतात. सरकारी कागदांत त्याचे नाव एचटीबीटी. बोंडअळीला विरोध करणारी आणि ग्लायफोसेट हे तणनाशक अंगावर पडले तरी न मरणारी ही कपाशी आहे. भारतात ती विकायला किंवा पेरायला परवानगी नाही. तरीही २०१७च्या हंगामात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने पाहणी केली, तेव्हा महाराष्ट्र, तेलंगण आणि आंध्र प्रदेशातल्या कापूसक्षेत्रापैकी सुमारे १५ टक्के क्षेत्रावर हेच वाण असावे, असा अंदाज तिने दिला.

जनुकीय बियाण्यांवर आपल्याकडे गेली पंचवीस वर्षे कडाक्याचा वाद चालू आहे. एका बाजूला ‘तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य’ मागणारे शेतकरी, बियाणे उद्योग आणि बरेचसे शास्त्रज्ञ आहेत. दुसऱ्या बाजूला पर्यावरणवादी संघटना, स्वदेशीचा आग्रह धरणारे आणि काही शास्त्रज्ञही आहेत. डावे-उजवे ही नेहमीची विभागणी इथे चालत नाही. स्वदेशी जागरण मंच आणि डाव्या पक्षांची मंडळी या प्रश्नावर एका सुरात बोलतात, तर खुल्या बाजाराची भाषा बोलणारी शेतकरी संघटना समोर उभी असते. दोन्ही बाजूंनी आकडे फेकले जातात, हेतूंवर संशय घेतला जातो. या गदारोळात ज्याच्यावर उत्तर देण्याची जबाबदारी आहे, त्या सरकारने मात्र हो किंवा नाही म्हणायचेच टाळले आहे. या टाळाटाळीची किंमत कोण मोजतो, हा या वादातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

मुळात भारतात बीटी कापूस आला तोच मागच्या दाराने. २००१च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातेत बोंडअळीचा मोठा हल्ला झाला. सगळीकडची कपाशी पोखरली जात असताना ‘नवभारत १५१’ नावाच्या वाणाची शेते मात्र टवटवीत उभी होती. तपासणी झाली आणि त्या वाणात बीटीचे जनुक असल्याचे उघड झाले. परवानगी कुणाचीच नव्हती, पेरा मात्र हजारो हेक्टरांवर झाला होता. उभे पीक उपटून जाळण्याचे आदेश निघाले. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे पाचच महिन्यांत, २६ मार्च २००२ रोजी, जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने म्हणजे जीईएसीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना मान्यता दिली. नियमन पुढे आणि शेतकरी मागे असा क्रम असायला हवा होता. तो पहिल्याच पावलाला उलटा झाला.

त्यानंतर जे घडले त्यावरून आजही दोन्ही बाजू आपापला विजय सांगतात. २००२-०३ साली देशात १३६ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ साली तो ३९८ लाख गाठींवर गेला. भारत कापसाचा मोठा निर्यातदार बनला. जोनास कथागे आणि मतीन कैम या अभ्यासकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांची २००२ ते २००८ या काळातली माहिती तपासून २०१२ साली निष्कर्ष काढला की, बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी आणि कापसातला नफा ५० टक्क्यांनी वाढला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० साली वीस वर्षांचा हिशेब मांडला आणि तो वेगळा निघाला. उत्पादनवाढीचे मोठे श्रेय खते, सिंचन आणि नव्या कीटकनाशकांना जाते, अळ्यांवरचा बीटीचा प्रभाव टिकला नाही, आणि शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्यापूर्वीपेक्षाही वाढला, असे त्यांचे म्हणणे.

हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले तर त्यांत वाटते तेवढा विरोध नाही. पहिला बीटीच्या भराच्या वर्षांबद्दल बोलतो, दुसरा त्या काळानंतर काय झाले तेही जमेस धरतो. बीटीने सुरुवातीला हिरव्या बोंडअळीला रोखले, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तसे नसते तर त्यांनी जवळजवळ सगळे क्षेत्र काही वर्षांत बीटीखाली आणलेच नसते. बीटीमुळेच शेतकरी आत्महत्या करू लागले, हा आरोपही तपासात टिकत नाही. विदर्भातल्या आत्महत्या बीटी येण्याच्या आधीपासून होत होत्या, आणि कर्ज, कोरडवाहू शेती, पडलेले भाव ही त्यांची कारणे बियाण्याच्या पाकिटापेक्षा कितीतरी मोठी आहेत. बीटीच्या समर्थकांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. गुलाबी बोंडअळीने हे तंत्रज्ञान दहा-बारा वर्षांत निष्प्रभ केले. पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देत नसल्याचे २०१० साली गुजरातेत जाहीर झाले. त्यानंतर दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ची तीच गत झाली. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी बोंडे फोडली तेव्हा आत कापसाऐवजी अळी आणि किडकी सरकी होती.

ही हार विज्ञानाची म्हणायची की कारभाराची? याचे उत्तर सापडते ते अमेरिकेच्या अनुभवात. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले की तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाले आहे. तिथेही बीटी कापूसच पेरला जात होता. त्याच्या जोडीला नपुंसक पतंग सोडणे, कामगंध सापळे, ठरल्या वेळेत पीक मोडून टाकणे आणि सतत पाहणी हे सारे वर्षानुवर्षे शिस्तीने केले गेले. आपल्याकडे कंपन्यांनी बीटी जनुक फक्त संकरित वाणांत घातले, म्हणजे बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. यातली बरीचशी वाणे लांब मुदतीची, त्यामुळे अळीला शेतात मुक्काम जास्त. डिसेंबरनंतर पाणी देऊन त्याच झाडांचे पुन्हा पीक, म्हणजे फरदड, घेण्याची सवय तिच्या पथ्यावर पडली. बीटी शेताभोवती बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावणे सक्तीचे होते, म्हणजे प्रतिकारशक्ती आलेल्या अळ्यांच्या पतंगांचा संकर साध्या पतंगांशी होत राहील आणि प्रतिकार पसरणार नाही. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जाई. बहुतेक शेतकऱ्यांनी ते बांधावर फेकून दिले. तीन-चार एकरांच्या कोरडवाहू धन्याने पाचवा हिस्सा अळीला का सोडावा, हे त्याला कुणी नीट समजावले नाही आणि त्या हिश्श्याची भरपाईही देऊ केली नाही. मान्यता देणाऱ्या समितीचे काम मान्यतापत्रावर सही झाली तिथेच संपले.

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तोंडाला फडके बांधून, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत विषारी औषधांची मिश्रणे मारणारी ही माणसे होती. फवारण्या कमी करणे हे ज्या तंत्रज्ञानाचे पहिले आश्वासन होते, त्याच्या पंधराव्या वर्षी हे घडले. तंत्रज्ञान चांगले की वाईट या एका प्रश्नाभोवती फिरणाऱ्या वादात या मृत्यूंचा हिशेब बसत नाही, कारण तो हिशेब बियाणे शेतात गेल्यानंतरच्या देखरेखीचा आहे.

आता निर्णयांकडे वळू. २००९च्या ऑक्टोबरमध्ये जीईएसीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. स्वतंत्र चाचण्यांनी शास्त्रज्ञांचे आणि जनतेचे समाधान होईपर्यंत थांबावे, ही त्यांची भूमिका समजण्यासारखी होती आणि ती त्यांनी सविस्तर लिहून मांडली, हेही महत्त्वाचे. पण स्थगितीला मुदत नव्हती. कोणत्या चाचण्या, कुणी, किती दिवसांत करायच्या, हे ठरले नाही. शेजारच्या बांगलादेशाने त्याच वांग्याला २०१३ साली मान्यता दिली आणि २०१४च्या जानेवारीत वीस शेतकऱ्यांना रोपे दिली. तिथला अनुभव आता दहा वर्षांहून अधिक काळाचा आहे. तो चांगला असो की वाईट, तो तपासून आपली स्थगिती उठवायची की कायमची बंदी घालायची, हे सांगायला भारत सरकारला अजून सवड झालेली नाही.

मोहरीची कथा याहून लांब. दिल्ली विद्यापीठातल्या दीपक पेंटल यांच्या गटाने सरकारी पैशातून डीएमएच-११ हे वाण विकसित केले. २०१७ साली जीईएसीने शिफारस केली, मग पुन्हा अडले. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सशर्त मान्यता मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे जनुकीय पिकांविरुद्धच्या याचिका २००४ सालापासून चालू आहेत. २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींनी दोन टोकांचे निकाल दिले. न्या. नागरत्ना यांनी मान्यता रद्द ठरवली, न्या. करोल यांनी ती वैध मानली. मात्र केंद्राने सर्वांशी सल्लामसलत करून जनुकीय पिकांचे राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचे एकमत झाले. एवढ्या वर्षांच्या खटल्यानंतर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सरकारला ‘आधी धोरण करा’ असे सांगावे लागते, यापेक्षा सरकारी टाळाटाळीचा मोठा पुरावा कोणता हवा?

धोरण नसल्याने विसंगती कोणत्या थराला जातात पाहा. जनुकीय अन्न भारतीयांच्या ताटात येऊ नये, म्हणून वांगे अडवले. पण वर्षाला दीडशे लाख टनांच्या आसपास खाद्यतेल आपण आयात करतो, त्यातले अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारे सोयातेल मुख्यतः जनुकीय सोयाबीनचेच असते. बीटी कपाशीच्या सरकीचे तेल आपल्या खाण्यात आहे आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत. २०२१च्या ऑगस्टमध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जनुकीय सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. महाराष्ट्रातल्या सोयाबीन उत्पादकांचे नवे पीक तेव्हा शेतात होते. अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याने पिकवलेले जनुकीय सोयाबीन चालते आणि लातूरच्या शेतकऱ्याने पिकवलेले मात्र गुन्हा ठरते, हा भेद कोणत्याही जैवसुरक्षेच्या तत्त्वात बसत नाही.

या पार्श्वभूमीवर १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने सविनय कायदेभंग केला. हजाराहून अधिक शेतकरी जमले आणि एचटीबीटीची उघड पेरणी झाली. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या तेव्हाच्या तरतुदीनुसार या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. गुन्हे नोंदवले गेले. संघटनेचा प्रश्न नेमका होता: जगातले शेतकरी जे बियाणे वापरतात, ते आम्ही का वापरायचे नाही? निंदणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, पावसाची झड लागली की डवरा चालत नाही आणि तण कपाशीच्या वर जाते. ज्याने कधी कापूस पिकवला आहे त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि ती तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवी. बीटी आणि तणनाशक-सहनशील वाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीटीने निदान सुरुवातीला औषध कमी केले, तर एचटी वाण औषध वापरण्यासाठीच बनलेले आहे. ग्लायफोसेटबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ असा निर्वाळा दिला. अमेरिका आणि युरोपच्या नियामक संस्थांना ते पटलेले नाही आणि युरोपीय संघाने २०२३ साली त्याची मान्यता दहा वर्षांसाठी वाढवली. वाद मिटलेला नाही. त्याहून निर्विवाद गोष्ट अशी की, अमेरिकेत एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारल्याने त्याला न जुमानणारी तणे माजली. आपल्याकडे आंतरपिकाचाही प्रश्न आहे. कपाशीत तूर, मूग, उडीद लावणाऱ्याच्या शेतात ग्लायफोसेट पडले तर कपाशी वाचेल, बाकी सारे जळेल. शिवाय निंदणीची मजुरी हे भूमिहीन बायकांचे पावसाळ्यातले हक्काचे उत्पन्न आहे. शेतकऱ्याचा जो खर्च वाचेल, तोच कुणाच्या तरी घरात कमी येईल. म्हणून एचटीबीटीला डोळे झाकून हो म्हणता येणार नाही.

परंतु आज जे चालू आहे त्याला नकार म्हणतात का? कागदावर बंदी आहे. शेतात लाखो पाकिटे आहेत. दरवर्षी कृषी विभागाची भरारी पथके काही क्विंटल बियाणे पकडतात, काही गुन्हे नोंदवतात आणि पुढच्या हंगामात तेच होते. यात विरोधकांना हवी असलेली एकही गोष्ट साधत नाही. ग्लायफोसेट वापरले जातेच, तेही कुठल्याही शिफारशीविना. २०२२ साली केंद्राने ते फक्त प्रशिक्षित कीडनियंत्रकांकडूनच मारले जावे असा आदेश काढला, पण तो वऱ्हाडातल्या शेतावर कोण राबवणार? समर्थकांनाही त्यांचे तंत्रज्ञान मिळत नाही. पाकिटात खरोखर एचटी जनुक आहे की साधी सरकी रंगवून भरली आहे, हे पेरणाऱ्याला तणनाशक मारल्यावरच कळते, आणि तेव्हा पीक गेलेले असते. उगवले नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे जाता येत नाही, ग्राहक आयोगात दावा लावता येत नाही, कारण ज्याची पावती नाही त्याचा व्यवहारच झालेला नाही. सगळी जोखीम शेतकऱ्याच्या माथी आणि सगळा नफा बेनामी विक्रेत्याच्या खिशात, अशी ही व्यवस्था आहे. ती बंदीचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही नको असायला हवी.

गंमत म्हणजे ज्या वाणाचा अर्ज रीतसर तपासता आला असता, तो अर्जच मधल्या काळात सरकारपुढून निघून गेला. महिकोने अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीच्या तणनाशक-सहनशील कपाशीच्या चाचण्या भारतात घेतल्या होत्या, पण बियाण्याचे दर आणि रॉयल्टी यांवरून सरकारशी बिनसल्यावर २०१६ साली अर्ज मागे घेतला. कंपनीच्या अटींपुढे सरकारने मान तुकवायला हवी होती, असे नाही. पाकिटाची किंमत पूर्वी सोळाशे रुपयांच्या वर होती, ती खाली आणण्यात राज्यांनी आणि पुढे केंद्राने केलेला हस्तक्षेप शेतकऱ्यांच्या फायद्याचाच ठरला. खरा दोष हा की, कंपनी निघून गेल्यावर सरकारी संशोधनाकडे पर्याय तयार नव्हता. २००९ साली ‘बिकानेरी नरमा’ हे सार्वजनिक क्षेत्राचे बीटी वाण बाजारात आले होते. ते सरळ वाण असल्याने शेतकऱ्याला घरचे बी राखता आले असते. पण त्यात मोन्सँटोचे जनुक मिसळलेले आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. चौकशी समितीचा अहवाल आला, पण तो प्रयत्न नव्याने, नेटाने उभा राहिला नाही.

सरकारला ठरवायचे असते तेव्हा ते ठरवते, हेही दिसले आहे. २०२२च्या मार्चमध्ये बाहेरचे जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादित वाणांना कडक नियमांतून सूट दिली गेली आणि २०२५च्या मे महिन्यात अशा दोन भातवाणांची घोषणाही झाली. त्यावर आक्षेप आहेत, त्यांची चर्चा व्हायला हवी, पण निदान चर्चा करायला समोर एक निर्णय आहे. कापसाच्या बाबतीत तेवढेही नाही.

म्हणून या वादातल्या दोन्ही बाजूंनी एकत्र मागाव्यात अशा गोष्टी आहेत. एचटीबीटीच्या आजवरच्या चाचण्यांची सगळी माहिती सरकारने खुली करावी. कृषी विद्यापीठांकडून, कोरडवाहू शेतात आणि आंतरपिकांसह नव्या चाचण्या घ्याव्यात, आणि त्यांची मुदत आधी जाहीर करावी. त्यानंतर हो किंवा नाही, कारणांसह लेखी उत्तर द्यावे. उत्तर ‘हो’ असेल तर बियाणे विकणाऱ्या कंपनीवर प्रतिकारशक्तीच्या पाहणीची आणि नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्याने टाकावी, आणि निंदणीची मजुरी गमावणाऱ्या बायकांसाठी कामाची तरतूद त्याच निर्णयात असावी. उत्तर ‘नाही’ असेल तर बंदी खेड्यातल्या फुटकळ विक्रेत्यावर न संपता बियाणे तयार करणाऱ्यांपर्यंत पोहोचावी, आणि तणाच्या प्रश्नावर शेतकऱ्याला परवडणारा दुसरा इलाज द्यावा. महाराष्ट्राच्या विधिमंडळात कापूसपट्ट्यातून निवडून आलेले आमदार सगळ्या पक्षांत आहेत. पुढच्या खरिपाच्या आधी त्यांनी ही मुदत सभागृहात मागावी, आणि शेतकऱ्यांनी त्यांना मत देताना ती मागितली होती का, हे विचारावे.